यंत्र, गोळी आणि घरापर्यंत जाणारी कार्यकर्ती : उच्च रक्तदाब नियंत्रणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

उच्च रक्तदाब हा विकार बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वाढत जातो. ताप आला की रुग्ण दवाखान्याची वाट धरतो. रक्तदाब वाढला तरी मात्र तो शेतावर जातो, बाजारहाट करतो आणि आपण आजारी आहोत हे त्याच्या गावीही नसते. पुष्कळदा पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका हीच या विकाराची पहिली ओळख ठरते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतातील १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी २१.३ टक्के व पुरुषांपैकी २४.० टक्के व्यक्तींना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. म्हणजेच हा प्रश्न केवळ शहरी व सधन वर्गाचा उरलेला नाही. प्रस्तुत लेखात या विकारावरील उपचारांच्या इतिहासाचा, विशेषतः महाराष्ट्रातील ग्राम आरोग्य कार्यकर्तींच्या परंपरेच्या संदर्भात, आढावा घेतला आहे. यंत्र आणि औषध उपलब्ध झाल्यानंतरही नियंत्रणाचा प्रश्न का सुटला नाही, हा या विवेचनाचा मध्यवर्ती मुद्दा होय.

मापनयंत्र व औषधाचा उदय :

स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत नळी घालून रक्तदाब मोजल्याचे वर्णन १७३३ मध्ये प्रसिद्ध केले. मनुष्याला इजा न करता मापन करणे सुलभ झाले ते मात्र १८९६ मध्ये, इटलीतील रिव्हा-रोच्ची यांच्या दंडाला बांधावयाच्या फुगणाऱ्या पट्ट्यामुळे. रशियन शल्यवैद्य कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये धमनीतून ऐकू येणाऱ्या ध्वनींच्या आधारे वरचा व खालचा असे दोन्ही दाब मोजण्याची रीत सांगितली. पुढे पाऱ्याचे यंत्र आणि स्टेथोस्कोप ही जोडी जगभरच्या दवाखान्यांत रूढ झाली. औषधांच्या बाबतीत १९५८ मध्ये क्लोरोथायझाइड बाजारात आले आणि सहज घेता येईल अशी परिणामकारक गोळी वैद्यकाच्या हाती लागली. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या अभ्यासाने १९६७ व १९७० मध्ये, रक्तदाब उतरविल्यास पक्षाघातासारखे गंभीर आघात टळतात, हे सिद्ध केले.

तथापि औषध परिणामकारक असणे आणि ते रुग्णाच्या पोटात दररोज जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेत १९७३ मध्ये सुरू झालेल्या एका व्यापक प्रकल्पाने नेमका हाच भेद तपासला. घरोघरी तपासणी करून शोधलेल्या १०,९४० व्यक्तींचे दोन गट करण्यात आले. एका गटाला त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठविले गेले. दुसऱ्या गटाला विशेष केंद्रांतून टप्प्याटप्प्याने वाढविले जाणारे उपचार, मोफत औषधे आणि नियमित पाठपुरावा मिळाला. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या गटातील पाच वर्षांचा मृत्युदर १७ टक्क्यांनी कमी होता. उपयोगी औषधे दोन्ही गटांच्या डॉक्टरांना ठाऊक होती. फरक होता तो उपचार सातत्याने मिळण्याच्या व्यवस्थेत.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका :

अशी व्यवस्था खेड्यात कोणी उभी करावी, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने अन्य आजारांच्या निमित्ताने आधीच शोधावयास घेतले होते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर व अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना तेथे नियमित प्रशिक्षण देण्यात आले. प्रशिक्षण घेऊन गावी परतणारी ही स्त्री गावातल्याच कोणाची सून, कोणाची जाऊ, कोणाची शेजारीण असे. त्यामुळे तिचा शब्द परका वाटत नसे. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशव्यापी समुदाय आरोग्य कार्यकर्ता योजना सुरू केली. हजार लोकसंख्येमागे एक कार्यकर्ता, तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि दरमहा ५० रुपये मानधन असे तिचे स्वरूप होते. पुढे कार्यकर्त्याचे नाव ‘स्वयंसेवक’ व नंतर ‘ग्राम आरोग्य मार्गदर्शक’ असे बदलले. परंतु निवडलेल्यांत पुरुषांचे प्राबल्य, तुटपुंजे मानधन आणि देखरेखीचा अभाव या उणिवांमुळे योजना निस्तेज होत गेली. जामखेड येथे प्रशिक्षण कधी संपत नव्हते. शासकीय योजनेत ते तीन महिन्यांत संपत होते. नाव बदलून व्यवस्था बदलत नाही, हा या योजनेने दिलेला धडा होय.

तिसरा टप्पा गडचिरोलीचा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत नवजात बालकांची घरोघरी काळजी घेतली. या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नीट शिकविल्यास व पाठीशी उभे राहिल्यास गावातील स्त्री नाजूक वैद्यकीय कामही अचूकपणे करू शकते, याचा हा पुरावा होता. त्याच जिल्ह्यातील ८६ गावांत पुढे झालेल्या मृत्युकारणांच्या अभ्यासातून (२०१५) पक्षाघात हेच मृत्यूचे सर्वांत मोठे कारण असल्याचे दिसून आले; दर सात मृत्यूंपैकी सुमारे एक मृत्यू त्यामुळे झाला होता. बालमृत्यूंसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात आजाराचे स्वरूप पालटले होते.

आशा स्वयंसेविका आणि रक्तदाबाचा उपचार :

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आशा स्वयंसेविका गावोगावी आली. तिचे आरंभीचे काम मुख्यतः माता व बालकांशी निगडित होते आणि मोबदला कामागणिक ठरत असे. बाळंतपणासाठी स्त्रीला रुग्णालयात नेणे, लसीकरण पूर्ण करून घेणे ही कामे मोजता येण्याजोगी होती. पुढे असंसर्गजन्य आजारांचे कामही तिच्याकडे आले. तीस वर्षांवरील व्यक्तींची माहिती भरणे, कमरेचा घेर मोजणे, तंबाखू-मद्याविषयी विचारणे आणि जोखीम असलेल्यांना तपासणीस पाठविणे असे ते काम होते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, केंद्रीय आरोग्य मंत्रालय, जागतिक आरोग्य संघटना व राज्य शासने यांच्या सहभागातून पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्र या पाच राज्यांत त्याचा आरंभ झाला. ठरावीक औषधांचा सोपा क्रम, गोळ्यांचा अखंड पुरवठा, कामाची वाटणी, घराजवळ उपचार आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ही त्याची पाच सूत्रे. ‘सिंपल’ नावाच्या मोबाइल प्रणालीत परिचारिका रुग्णाच्या कार्डावरील संकेतचिन्ह वाचून काही क्षणांत रक्तदाब नोंदविते. ठरलेल्या दिवशी न आलेल्यांची यादी तीच प्रणाली तयार करते. पहिल्या २६ जिल्ह्यांत २०१८-१९ मध्ये पाच लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. निवडक दवाखान्यांत उपचारास येत राहिलेल्यांमध्ये रक्तदाब नियंत्रणात असलेल्यांचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांवरून सुमारे ६० टक्क्यांवर गेले. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. येथे ‘येत राहिलेल्यांमध्ये’ हे शब्द दृष्टीआड करता येत नाहीत. जे आलेच नाहीत, त्यांचा रक्तदाब या टक्केवारीत नाही आणि खरी कसोटी त्यांचीच आहे.

दूरस्थ देखरेख : शक्यता व मर्यादा

स्वयंचलित यंत्रांमुळे घरच्या घरी मापन सुलभ झाले आणि पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे (२०१३) जुनी यंत्रेही मागे पडू लागली. घरी मोजलेला आकडा दूरच्या वैद्यकाकडे पाठवावा व त्याने औषध बदलावे, ही कल्पना आकर्षक आहे. तिची मर्यादा अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविली. नेहमीच्या उपचारांत ३१ टक्के रुग्णांचा रक्तदाब नियंत्रणात आला. घरचे यंत्र व संगणकीय सुविधा दिलेल्यांत हे प्रमाण ३६ टक्के होते. त्याच सुविधेला औषधतज्ज्ञाच्या नियमित मार्गदर्शनाची जोड मिळाल्यावर मात्र ते ५६ टक्क्यांवर गेले. यंत्राने आकडा दिला. आकड्याचा उपचार माणसाने केला.

दक्षिण आशियातील अनुभव याला पुष्टी देतो. बांगलादेश, पाकिस्तान व श्रीलंका येथील ३० ग्रामीण वस्त्यांत २,६४५ व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात (२०२०) शासकीय आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन रक्तदाब मोजला, सल्ला दिला व गरजूंना प्रशिक्षित डॉक्टरांकडे पाठविले. दोन वर्षांनंतर वरचा दाब तुलनेच्या गटापेक्षा सरासरी सुमारे ५ मिलिमीटरने अधिक उतरला. चीनमधील ३२६ खेड्यांत गावच्या डॉक्टरांकडे उपचाराची सूत्रे देऊन रुग्णांना घरगुती यंत्रे पुरविण्यात आली. १८ महिन्यांनंतर तेथे ५७ टक्के रुग्णांचा रक्तदाब नियंत्रणात होता, तर तुलनेच्या गावांत हे प्रमाण सुमारे २० टक्के होते (२०२२). या दोन्ही ठिकाणी काम करणारी माणसे गावाच्या जवळची होती आणि त्यांच्या पाठीशी प्रशिक्षण, औषधपुरवठा व वैद्यकीय देखरेख होती.

मोबदल्याचा प्रश्न :

बाळंतपणाला शेवट असतो. रक्तदाबाच्या उपचाराला नसतो. आशा स्वयंसेविकेच्या मोबदल्याची रचना मात्र मोजता येणाऱ्या घटनांवर उभी राहिली. असंसर्गजन्य आजारांसाठी आरंभी ठरलेल्या दरांत माहितीपत्रक भरण्यास १० रुपये आणि रुग्णाच्या सहा महिन्यांच्या पाठपुराव्यास ५० रुपये होते. ‘आता बरे वाटते, गोळी कशाला?’ असे म्हणणाऱ्या वृद्धाच्या ओसरीवर बसून त्याचे मन वळविण्यात जाणारी दुपार या हिशेबात कोठेच बसत नाही. २०२० च्या टाळेबंदीत दवाखान्यापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या रुग्णांना अनेक ठिकाणी गावपातळीवरील कर्मचाऱ्यांमार्फत औषधे मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आशांचा गौरव केला. मात्र २०२१ व २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला, ही बाब त्या गौरवाशेजारीच ठेवून वाचावयास हवी.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, रक्तदाब मोजण्याचे साधन शतकाहून अधिक काळ आणि परिणामकारक गोळी सहा दशकांहून अधिक काळ उपलब्ध आहे. उणीव राहिली ती साधन, गोळी आणि रुग्ण यांना वर्षानुवर्षे जोडून ठेवणाऱ्या मनुष्यबळाची. दूरस्थ देखरेख ही उणीव स्वतः भरून काढू शकत नाही; ती कार्यकर्तीचे श्रम वाचवू शकते, चुकलेला रुग्ण दाखवू शकते आणि वैद्यकाचा सल्ला गावापर्यंत आणू शकते. मोबाइलवरील यादीत नाव लाल झाल्यावर त्या घराचे दार कोणीतरी ठोठवावे लागते. ते ठोठावणारीला स्थिर वेतन, सतत प्रशिक्षण आणि औषधांचा खात्रीचा पुरवठा न देता केवळ यंत्रांवर खर्च केल्यास १९७७ च्या योजनेची पुनरावृत्ती नव्या साधनांनिशी होईल, हा या इतिहासाचा इशारा आहे.