कचेरीतून सुटका नाही

वीस वर्षं बँकेत खर्डेघाशी केल्यावर रजा काढून फ्लॉरेन्सला चित्रं पाहायला गेलो. गाइडबाईंनी छत्री उंच धरून पहिलंच वाक्य टाकलं, "उफिझी म्हणजे कचेऱ्या!" घ्या! कोसिमो मेदिचीने १५६० साली वासारीकडून ही इमारत बांधायला घेतली ती सरकारी कारभारासाठीच.

पुढे बोत्तिचेल्लीचं चित्र. बाळ येशूपुढे गुडघे टेकलेले राजे निरखून पाहावेत, तर चेहरे मेदिचींचे! म्हणजे मूळ बँकवाले. १३९७ साली पेढी काढली, इंग्लंडच्या चौथ्या एडवर्डला कर्ज दिलं, ते थकलं. लंडनची शाखा बुडाली आणि १४९४ साली सगळ्या पेढीलाच टाळं लागलं. राजाकडे जामीन कोण मागणार?

पण घराण्यातली शेवटची आन्ना मारिया लुइझा बाई पक्की. १७३७ साली तिने करार लिहून घेतला : संग्रहातलं काही गावाबाहेर न्यायचं नाही. पेढी गेली, घराणं गेलं; ही एक ठेव राहिली. तिचं व्याज आपण खातो.

माझ्या खतावण्यांतलं मागे काय राहील? हिशेब मांडणार होतो, तोवर छत्री पुढच्या दालनात शिरली.