दुधाचा हिशेब: हॅनफर्डचं आयोडीन

गायगर काउंटर घेऊन फिरलं की किरणोत्सार कळतो, असा आपला समज असतो. आज ज्या प्रदूषणाबद्दल बोलायचंय, तिथे हे यंत्र गप्पच राहतं.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी, १९४३ मध्ये हॅनफर्डचा कारखाना उभा राहू लागला. नागासाकीवरच्या बॉम्बचं प्लुटोनियम इथलंच. अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन आम्लात विरघळवताना आयोडीन-१३१ धुराड्यातून बाहेर पडायचं. ते गवतावर बसायचं, गवत गाई खायच्या, आणि दुधातून ते मुलांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठायचं. डिसेंबर १९४९ मध्ये तर ‘ग्रीन रन’ नावाच्या प्रयोगात हजारो क्युरी मुद्दाम सोडलं. कशासाठी? तर सोव्हिएत कारखान्यांचा माग हवेतून काढता येतो का, हे पाहायला! आसपासच्या गावांना कुणी काही सांगितलं नाही. १९८६ मध्ये सरकारनं सुमारे १९,००० पानं खुली केली, तेव्हा लोकांना कळलं.

आता अडचण बघा. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, ऐंशी दिवसांत हजारावा हिस्सा उरतो. चाळीस वर्षांनी मातीत काय मोजणार?

म्हणून शास्त्रज्ञांना इतिहासकाराचं काम करावं लागलं. कारखान्याच्या जुन्या नोंदी, हवामानाच्या वह्या, वाऱ्याच्या दिशा. एवढ्यानंही भागेना. मग आयांना, नाहीतर जवळच्या नातेवाइकांना विचारलं: मूल दूध किती प्यायचं? घरच्या गाईचं की दुकानातलं? आमच्या नैयायिकांनी स्मृतीला प्रमाण मानलं नाही. इथे मात्र म्हाताऱ्या आईच्या आठवणीतून मात्रेचा आकडा काढायचा होता. मी याला हसत नाही. दुसरा मार्गच नव्हता.

१९४० ते १९४६ मध्ये जन्मलेल्या ३,४४० जणांची तपासणी झाली. अंदाजलेली मात्रा आणि थायरॉइडचे आजार यांच्यात संबंध सापडला नाही. १९९९ मध्ये हा मसुदा जाहीर झाला, तेव्हा लोक संतापले. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनंही म्हटलं की, अभ्यासाची रचना चांगली आहे, पण निष्कर्षाची खात्री वाजवीपेक्षा जास्त सांगितली गेली. ‘संबंध सापडला नाही’ आणि ‘संबंध नाही’ या दोन वाक्यांत अंतर आहे, आणि मोजमाप आठवणींवर उभं असेल तर ते आणखी वाढतं. अंतिम अहवाल २००२ मध्ये आला, निष्कर्ष तोच. वाऱ्याच्या वाटेवर राहिलेल्या लोकांचे खटले मात्र २०१५ पर्यंत चालले.