बोनस : खुशीपासून हक्कापर्यंत

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की नोकरदारांच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो, "यंदा बोनस किती?" मिळेल की नाही, असे सहसा कोणी विचारीत नाही. बोनस मिळायचाच, हे आपण गृहीत धरलेले असते. पण मालकाच्या खुशीची ही रक्कम कामगाराचा हक्क बनायला पन्नास वर्षे लागली, आणि ती लढाई मुख्यतः मुंबईच्या गिरणगावात झाली.

गरज पडली की मालकाचा हात सैल होतो, हे गिरणी कामगाराने फार आधी पाहिले होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि माणसे कोकणात, घाटावर आपापल्या गावी पळाली. तोवर गिरण्यांची रीत अशी, की महिना भरला तरी पगार आणखी काही आठवडे अडकवून ठेवायचा, म्हणजे कामगार सोडून जात नाही. १८९७ च्या सुरुवातीला हीच रीत मालकांच्या अंगाशी आली. उद्याची शाश्वती नसताना महिन्याच्या पगारावर कोण थांबणार? गिरण्या रोजच्या रोज मजुरी देऊ लागल्या. नाक्यानाक्यावर कामगारांसाठी चढाओढीने बोली लागल्या. साथ ओसरली आणि ही रोजची मजुरीही गेली.

पुढची पाळी पहिल्या महायुद्धाने आणली. कापडाला मागणी वाढली, नफा वाढला आणि धान्यही कडाडले. १९१७ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी पगारावर दहा टक्के युद्धबोनस दिला, १९१८ च्या जानेवारीत तो पंधरा टक्के केला. मूळ पगार वाढवला तर तो पुन्हा खाली आणणे कठीण, बोनस मात्र केव्हाही थांबवता येतो, हा त्यातला व्यवहार होता. याखेरीज १९१९ सालापासून वर्षाकाठी एक महिन्याचा पगार बोनस म्हणून मिळू लागला.

सलग चार वर्षे ही रक्कम मिळाली. गावाकडचे देणे, मुलीचे लग्न, वाण्याची उधारी यांचा हिशेब तिच्यावर बसला. तेवढ्यात तेजी संपली, आणि १९२३ साली मालकांनी जाहीर केले, की यंदा बोनस नाही. जानेवारी १९२४ मध्ये दीड लाखांवर कामगार संपावर गेले. सरकारने मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने निर्णय दिला, की रूढी, कायदा किंवा न्यायबुद्धी, यांपैकी कोणत्याही आधाराने कामगारांचा बोनसवर हक्क शाबीत होत नाही. मार्चअखेर संप मोडला. कामगार रिकाम्या हाताने साच्यांवर परतले.

पण प्रश्न मिटला नाही. नफ्यात आपल्याही घामाचा भाग आहे, हे कामगाराच्या मनात पक्के बसले होते. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्याच गिरणीमालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या वादात १९५० साली लवादाच्या अपील न्यायाधिकरणाने एक सूत्र घालून दिले. नफ्यातून घसारा, यंत्रांच्या नूतनीकरणाची तरतूद, प्राप्तिकर आणि भांडवलावरचा परतावा वजा करायचा आणि जे उरेल त्यात कामगाराचा वाटा धरायचा. त्यामुळे मालकाच्या मर्जीच्या जागी हिशेब आला. १९६५ च्या बोनस कायद्याने किमान चार आणि कमाल वीस टक्के ही मर्यादा ठरवली. पुढे किमान बोनस ८.३३ टक्के झाला. आणीबाणीत तो पुन्हा चारावर आणला गेला, १९७७ साली परत ८.३३ झाला. २०१९ च्या वेतन संहितेनेही हाच आकडा ठेवला.

हा आकडा विचित्र वाटतो खरा. पण शंभराला बाराने भागून पाहा. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, बरोबर एक महिन्याचा पगार. १९२३ साली जो नाकारला गेला, नेमका तोच!

आज कामाचे रूप पुन्हा बदलले आहे. मोबाइलवरच्या हुकुमाने घरोघर जेवण पोचवणाऱ्या तरुणाला कंपनी नोकर म्हणत नाही, 'भागीदार' म्हणते. पावसात, सणासुदीला फेऱ्यांमागे त्याला जादा पैसे मिळतात. गर्दी ओसरली, की तेही थांबतात. प्लेगच्या काळात नाक्यावर उभ्या असलेल्या गिरणी कामगाराला ही तऱ्हा ओळखीची वाटली असती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)