मालक आणि पालक

काही महिन्यांपूर्वी आमच्या इमारतीच्या सूचनाफलकावर दोन ओळींची सूचना लागली : कुत्री पाळणाऱ्या सभासदांनी त्यांना लिफ्टमधून नेऊ नये आणि आवारातल्या भटक्या कुत्र्यांना कोणीही खायला घालू नये. त्यावरून भरलेली सभा रात्री उशिरापर्यंत चालली. एका बाजूला जिच्या मुलाला जिन्याखाली कुत्रे चावले होते ती आई होती. दुसऱ्या बाजूला रोज रात्री उरलेली पोळी घेऊन खाली उतरणाऱ्या एक आजी. दोघींपैकी कोणीच खोटे बोलत नव्हते. सारा वाद अखेर एकाच प्रश्नापाशी येऊन अडला : ते कुत्रे कोणाचे?

हा प्रश्न मुंबईला नवा नाही. तो या शहरात जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी रस्त्यावर येऊन लढला गेला आहे.

कंपनी सरकारच्या काळात मुंबईत उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा नियम होता आणि मारलेल्या कुत्र्यांमागे बक्षीस मिळे. १८३२ साली ही मोहीम लांबवण्यात आली. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरांच्या दाराशी बसलेल्या, माणसांनी सांभाळलेल्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले, अशी लोकांची तक्रार होती. ६ जून १८३२ रोजी कोट भागात पारशी जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, लष्कराची रसद अडली. हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही बंदात सामील झाले. अखेर सैन्य बोलवावे लागले आणि धरपकड झाली. इतिहासात ही घटना ‘कुत्र्यांची दंगल’ म्हणून नोंदली गेली. नाव काहीसे हास्यास्पद वाटते, पण त्यामागचा प्रश्न गंभीर होता.

सरकारच्या दृष्टीने कुत्र्यांचे प्रकार दोनच : मालक असलेले आणि बेवारस. ‘बेवारस’ हा मुळात मालमत्तेच्या व्यवहारातला शब्द; ज्यावर कोणाचा हक्क नाही, त्याची विल्हेवाट लावायला सरकार मोकळे. पारशी समाजाकडे मात्र या नात्याची निराळी व्याख्या होती. झरथुष्ट्री धर्मात कुत्र्याला मानाचे स्थान आहे. अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते, त्या विधीला ‘सगदीद’ म्हणतात. ‘वेंदिदाद’ या ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात कुत्र्याला वाईट अन्न देणाऱ्यासाठी शिक्षा सांगितल्या आहेत. त्याच प्रकरणात, न भुंकता चावणाऱ्या कुत्र्याला बांधून आवरण्याचे कर्तव्यही सांगितले आहे. प्रेम आणि लगाम एकाच प्रकरणात यावेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आणि पंधराव्या प्रकरणात तर आमच्या सभेतलाच प्रश्न विचारला आहे : विण्याच्या बेतात आलेली कुत्री वाटेवर पडली असेल, तर तिला कोणी सांभाळायचे? उत्तर असे की, ज्याचे घर सर्वांत जवळ असेल त्याने; आणि पिल्ले स्वतःचे पोट भरू लागेपर्यंत. इथे जबाबदारी मालकीतून उगवत नाही, ती जवळिकीतून उगवते.

आपल्या परंपरेलाही हा विचार परका नाही. वैश्वदेवात कुत्र्या-कावळ्यांसाठी अन्न बाजूला काढले जाई, ते घरच्या कुत्र्यासाठी नव्हे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. ते कुत्रे कोणाचे, हा प्रश्न त्या कथेत कोणी विचारत नाही.

परंतु म्हणून कंपनी सरकारला केवळ क्रूर ठरवून मोकळे होता येत नाही. पाश्चरची लस १८८५ साली आली. १८३२ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा म्हणजे माणसाच्या हाती काहीही उपाय नसलेला मृत्यू होता. सभेतल्या त्या आईच्या भीतीला हा जुना वारसा आहे. लस आली तरी लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग आजही जवळजवळ नेहमीच जीव घेतो. त्या भीतीला अडाणीपणा म्हणणे हाही एक अडाणीपणाच होय.

दंगलीनंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ पांजरापोळ उभी राहिली. ही तोड दयेची होती, व्यवहाराचीही होती; पण तिने एक नवी सोयही निर्माण केली. जनावराची काळजी देणगी देऊन दुसरीकडे सोपवता येऊ लागली आणि जवळच्या घराचे कर्तव्य दूरच्या संस्थेकडे गेले. हा मोह अजून सुटलेला नाही. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवारागृहांत ठेवण्याचा आदेश दिला. पुढे २२ ऑगस्टला त्यात बदल करून, रेबीज झालेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत, आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात, असे सांगितले.

मुंबईच्या चाळीने या प्रश्नाला स्वतःपुरते एक उत्तर शोधले होते. चाळीतली मांजर एका बिऱ्हाडात दूध पिई, दुसऱ्याच्या माळ्यावर विई आणि तिसऱ्याच्या दारात मार खाई. ती कोणाचीच नव्हती आणि सर्वांना ठाऊक होती. चाळ पडून टॉवर आला, दारे बंद झाली. प्राणी एका सदनिकेचा झाला, पण जिना, लिफ्ट आणि आवार सामाईकच राहिले. आजचे बहुतेक तंटे या सांध्यावर होतात.

कायद्यालाही ही अडचण जाणवलेली दिसते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. त्याच्या तिसऱ्या कलमात कर्तव्य सांगितले आहे ते केवळ मालकाचे नव्हे, तर प्राणी ज्याच्या देखभालीत वा ताब्यात आहे अशा प्रत्येकाचे. २०१५ च्या प्राणी कल्याण मंडळाच्या सूचना संस्थांना सांगतात की पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. आणि पाळणाऱ्यांना सांगतात की शेजाऱ्यांना उपद्रव होऊ देऊ नका. २०२३ च्या नियमांनी आवारातल्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळापासून, जिन्यापासून आणि प्रवेशद्वारापासून दूर ठरवण्याचे काम रहिवासी संघटनांवर टाकले. म्हणजे सर्वांत जवळच्या घराचा तो प्राचीन नियम फिरून आपल्याच दारी आला आहे. फक्त आता जवळचे घर एक नसून साठ-सत्तर बिऱ्हाडांचे आहे.

मराठीत ‘मालक’ हा शब्द अरबीतून आला, ‘पालक’ संस्कृतातून. पहिल्यात हक्क आहे, दुसऱ्यात राखण. आणि ‘पाळणे’ हे क्रियापद आपण कुत्र्यासाठी वापरतो, तसेच नियमासाठी, शब्दासाठी, वेळेसाठीही वापरतो. जो कुत्रे पाळतो पण त्याची लस चुकवतो, त्याला दिवसभर गॅलरीत बांधून ठेवतो, जिन्यातली त्याची घाण शेजाऱ्यासाठी सोडतो, तो मालक असेल, पालक नव्हे. आणि जी संस्था फलकावर बंदी लिहून स्वस्थ बसते, तिनेही काही पाळलेले नाही.

त्या रात्रीच्या सभेत अखेर आजींच्या पोळीसाठी मागच्या भिंतीलगतची जागा ठरली, आणि आवारातल्या तीन कुत्र्यांच्या लशीचा खर्च सर्वांनी वाटून घेतला. मुलाच्या आईने यादीत आपले नाव पहिले लिहिले. लिफ्टचा प्रश्न मात्र पुढच्या सभेवर गेला आहे.