कुलपं घडवणाऱ्याच्या मुलाचा हिशेब



मागच्या थंडीत एकदा सकाळी आमच्या न्हाणीघराजवळ जळका वास आला. बादलीत पाणी तापवायचा रॉड लावलेला होता. मेन स्विच बंद करून पाहिलं, तर रॉड धड होता, पण एक्स्टेंशन बोर्डातली पिन वितळून चिकटली होती. त्याच बोर्डावर वर्षभर मोबाइलचा चार्जर चालला, तेव्हा काही झालं नव्हतं. मग रॉड लावल्यावरच असं का झालं? याचं उत्तर ज्यांच्यामुळे मिळतं, त्या दोन माणसांची गोष्ट आज सांगते.

पहिले जॉर्ज सायमन ओहम. जन्म १७८९चा, जर्मनीतल्या एरलांगेन गावातला. वडील कुलपं घडवणारे कारागीर. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. वडील शाळेत फारसे गेले नव्हते, पण स्वतः शिकले आणि मुलांना गणित शिकवलं. पुढे ओहम कोलोन शहरात शाळामास्तर झाले.

त्या काळी बॅटरी नवीनच होती आणि तिचा जोर टिकत नसे. मोजमाप करायचं तरी कसं? ओहम यांनी बॅटरी बाजूला ठेवली. बिस्मथ आणि तांबं या दोन धातूंचा एक जोड उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, की थोडी पण स्थिर वीज मिळते. त्या विजेवर त्यांनी २ इंचांपासून १३० इंचांपर्यंतच्या आठ तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या आणि टांगलेली चुंबकसुई किती वळते ते टिपलं. तार लांब, तर वीज कमी. १८२७ मध्ये त्यांचं पुस्तक बर्लिनमध्ये छापलं गेलं.

त्यातलं म्हणणं आपल्या नळासारखं आहे. टाकी उंच असेल तर पाण्याला दाब जास्त. पाइप बारीक असेल तर पाणी कमी. विजेचा दाब म्हणजे व्होल्ट, वाहणारी वीज म्हणजे अँपिअर आणि वाटेतली अडवणूक म्हणजे रोध. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो.

इतका साधा नियम, पण तेव्हाच्या विद्वानांनी त्याचं थंड स्वागत केलं. विद्यापीठात जागा मिळेल ही आशा फोल ठरली. ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली आणि बर्लिनमध्ये गणिताचे थोडे तास घेऊन दिवस काढले. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला काम मिळालं. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिलं. म्युनिकमध्ये पूर्ण प्राध्यापकपद मिळालं ते १८५२ मध्ये, आणि दोन वर्षांनी ते वारले. १८८१ मध्ये पॅरिसच्या परिषदेत रोधाच्या मापाला ‘ओहम’ हे नाव कायम झालं.

दुसरे जेम्स जूल, इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या बीअर गाळणाऱ्या घरातले. १८४०च्या सुमारास त्यांनी तारेचं वेटोळं पाण्यात बुडवलं, वीज सोडली आणि पाणी किती तापतं ते मोजलं. म्हणजे आपला रॉडच की! त्यांना दिसलं, की वीज दुप्पट झाली तर उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. अँपिअरला अँपिअरने गुणायचं, मग रोधाने गुणायचं.

आता आपला हिशेब करू. रॉडवर १५०० वॅट लिहिलेलं असतं. घरात दाब २३० व्होल्ट. वॅटला व्होल्टने भागा: साधारण साडेसहा अँपिअर. २३०ला साडेसहाने भागा: रॉडचा रोध सुमारे ३५ ओहम. लहान सॉकेट असतं ६ अँपिअरचं. म्हणजे रॉड तिथे लावणंच चूक. त्यात पिन सैल असेल आणि त्या सांध्यात फक्त १ ओहम रोध आला, तर साडेसहा गुणिले साडेसहा, सुमारे ४० वॅट उष्णता पिनेतच तयार होते. एवढ्याशा प्लास्टिकमध्ये ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब कोंडल्यासारखं! चार्जर एक दशांश अँपिअर घेतो असं धरा, तर त्याच सैल पिनेत एका वॅटचा शंभरावा भाग. म्हणून वर्षभर काही झालं नाही.

आणखी एक. संध्याकाळी दाब उतरून १८० व्होल्ट झाला, तर तोच रॉड सुमारे ९२० वॅटच देतो. बिल वाचलं असं समजू नका. तेवढंच पाणी तापायला तेवढीच वीज लागते, फक्त वेळ जास्त जातो.

तेव्हा मैत्रिणींनो, आज घरातल्या रॉड, इस्त्री, शेगडीवरचे वॅट वाचा आणि २३०ने भागा. उत्तर ६च्या पुढे गेलं, तर ती वस्तू १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेंशनला नको. पिन गरम लागली किंवा सैल वाटली तर वायरमनला बोलवा. भागाकार आपल्या सगळ्यांना येतो. तो एकदा करून पाहिला असता, तर आमचा बोर्ड वाचला असता.