नाव कमी करण्याचा अर्ज

आमच्या सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असा पत्ता आजही लिहिला जातो. हे नाव कुठून आले, ते नव्या मुलांना सहसा ठाऊक नसते. गुन्हेगार जमातींचा कायदा इंग्रजांनी १८७१ साली केला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. तिथली माणसे गिरणीत कामाला जात, पण हजेरी सुटत नसे. सरकारी वहीत नाव, बोटांचे ठसे, मुक्काम हलवला तर वर्दी. गुन्हा केलेला असो वा नसो, अमक्या जमातीत जन्मला एवढे पुरे.

या कायद्यात वहीतल्या नोंदीविरुद्ध तक्रारीची सोय होती, हे वाचून मला नवल वाटले. तक्रार कोणाकडे? जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे. आणि वही कोण तयार करवी? तोच मॅजिस्ट्रेट!

इंटरनेटवर जाहिरातवाल्यांच्या वहीतून नाव काढायची जी सोय निघाली, तिची गत मला अशीच दिसते. (तुलना जरा जपूनच करतो. जाहिरातवाल्याने माझा माग काढला तर फार तर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात दिसेल. तेव्हा हजेरी चुकली तर तुरुंग होता.) १९९४ साली नेटस्केपमध्ये 'कुकी' आली ती संकेतस्थळाला पाहुणा आठवावा म्हणून. पुढे जाहिरात कंपन्या तिच्यावरून कोण कुठे कुठे फिरला ते टिपू लागल्या. त्यावर २०११ मध्ये फायरफॉक्सने 'डू नॉट ट्रॅक' दिले. खूण केली की प्रत्येक संकेतस्थळाला निरोप जाई, माझा माग काढू नका. नुसता निरोप! तो पाळायचा की नाही, हे माग काढणाराच ठरवणार. बहुतेकांनी पाळला नाही. उलट ही खूणच माणूस ओळखायला उपयोगी पडेल, म्हणून ॲपलने २०१९ मध्ये सफारीतून ती काढली. या ओळखण्याला 'फिंगरप्रिंटिंग' म्हणतात. ठसे इथेही आलेच. २०२५ मध्ये फायरफॉक्सनेही ती सोय काढून टाकली.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभरातून रद्द झाला, तेव्हा एकेकट्याने अर्ज करायची गरज उरली नाही, वहीच गेली. सफारीने मार्च २०२० पासून परक्या कुकीज न विचारताच अडवल्या, तो प्रकार थोडा या जातीचा. गूगलनेही क्रोममधून त्या काढू असे २०२० मध्येच जाहीर केले होते, पण जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडला. तेव्हा क्रोम वापरणाऱ्यांनी सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' उघडून 'थर्ड-पार्टी कुकीज' स्वतःच बंद कराव्यात. मी केल्या आहेत.