आडनाव न विचारणारं हॉटेल

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

काही इंग्रजी शब्द मराठीत शिरताना आपला मूळ अर्थ उंबऱ्याबाहेर काढून ठेवतात. ‘हॉटेल’ हा त्यातलाच एक. साहेबाच्या भाषेत हॉटेल म्हणजे प्रवाशाने उतरायची जागा. आपण मात्र नाक्यावरच्या चहा-भज्यांच्या दुकानालाही हॉटेलच म्हणतो, आणि तिथे झोपायला कुणी जात नाही! आमच्या लहानपणी हा शब्द फारसा चांगल्या अर्थाने वापरलाही जात नसे. ‘तो हॉटेलात जातो’ एवढं म्हटलं की मुलगा हाताबाहेर गेला हे चाळीतल्या सगळ्यांना समजायचं. आज आपण याला हसतो. पण त्या वाक्यात पोट बिघडण्याची काळजी थोडी आणि दुसरीच काळजी जास्त होती. कुणाच्या हातचं खाल्लं? आणि कुणाच्या शेजारी बसून खाल्लं?

ही काळजी किती खोल होती याचं उदाहरण पुण्यात घडलेलं आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशी शहरातली नामवंत मंडळी तिथे होती. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी, काहीशा खोडसाळपणाने म्हणा, हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. मग ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली, प्रायश्चित्तं झाली. हे सगळं एका कपभर चहापायी! तेही न्यायाधीश आणि संपादकांच्या बाबतीत. साध्या कारकुनाने काय करायचं?

पुण्यात त्या वेळी निदान घर जवळ होतं. मुंबईत तेही नव्हतं. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी इथे कापडगिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या पन्नास वर्षांत रत्नागिरी, सातारा, घाटावरून माणसांचा लोंढा या शहरात आला. आला तो बहुतांश एकट्या पुरुषांचा. बायको-मुलं गावी, शेताच्या तुकड्यावर. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपणारे. तिथे चूल कुठली पेटणार? म्हणून खानावळ आली. एखादी बाई आपल्या खोलीतच दहा-वीस जणांचा स्वयंपाक करायची आणि पैसे महिन्याच्या पगाराला मिळायचे. मुंबईतल्या सामान्य मराठी माणसाचं बाहेरचं जेवण हे असं सुरू झालं. त्यात चैन नव्हती, नाइलाज होता. वॉटसन हॉटेल, ताजमहाल हॉटेल यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, पण तो आपला नव्हे.

मात्र खानावळीत गेला म्हणून माणूस जातीबाहेर गेला असं झालं नाही. कोकणातला कोकणातल्या बाईकडे, घाटावरचा घाटावरच्या बाईकडे, आणि त्यातही आपापल्या जातीत. गिरगावात तर पाटीवरच कुठल्या जातीसाठी खानावळ आहे ते लिहिलेलं असे. शहर नवं होतं, पंगत जुनीच होती. गिरणीच्या आतही तेच. साचेखात्यात कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. उष्ट्या धाग्याचा विटाळ होतो म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात, म्हणजे चांगल्या पगाराच्या कामावर, घेत नसत. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. धाग्याच्या टोकाला लागलेली थुंकी जिथे चालत नव्हती, तिथे एका कपबशीची काय कथा!

आता त्या काळात निघालेल्या मराठी उपाहारगृहांच्या नावांकडे बघा. १९१० साली दादरला काणे यांनी दुकान काढलं, तेच पुढे मामा काणे यांचं ‘स्वच्छ उपहारगृह’ म्हणून नावारूपाला आलं. तांब्यांचं ‘आरोग्य भुवन’. गिरगावातलं ‘विनय हेल्थ होम’. कुठे आश्रम, कुठे विश्रांतिगृह. परगावच्या माणसाला वाटावं, ही दवाखान्यांची यादी आहे की काय! मला या नावांची फार गंमत वाटते, कारण ती चवीबद्दल अवाक्षर काढत नाहीत. बटाटावडा उत्तम मिळतो असं पाटी सांगत नाही. पाटी सांगते की बाबा रे, आत ये, तुझं काही बिघडणार नाही. यातला ‘स्वच्छ’ हा शब्द धूर्त आहे. ज्याला भांड्यांची स्वच्छता हवी त्याला ती मिळाली आणि ज्याच्या मनात सोवळं होतं त्यालाही थोडा दिलासा मिळाला. आश्रमांतलं खोताच्या वाडीतलं अनंताश्रम मात्र निराळं. तिथे आश्रमात मासे मिळायचे. आता ते बंद झालं.

ज्याने आडनाव विचारलंच नाही तो दुकानदार इराणहून आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द आणि केरमान भागातले गरीब झरथुष्ट्री मुंबईत येत होते. आधीच्या पारशी कुटुंबांकडे कामाला लागायचे, मग हळूहळू स्वतःचं दुकान. चौकातली कोपऱ्याची जागा धंद्याला अशुभ अशी हिंदू दुकानदारांची समजूत होती, म्हणून कोपरे इराण्यांना मिळाले असं सांगतात. खरं असो वा नसो, दोन्ही रस्त्यांना दारं असलेलं हॉटेल म्हणजे इराण्याचं, हे डोळे मिटून सांगता येई. धोबीतलावचं कयानी १९०४ सालचं, ग्रँट रोड स्टेशनसमोरचं मेरवान १९१४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं.

आमच्या विद्यार्थिदशेत, म्हणजे साठीच्या दशकात, इराण्याकडे बसणं हा शिक्षणाचाच भाग होता. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर मोठाले आरसे. ब्रून मस्का आणि ‘पानी कम’ चहा. वेटर बशीत खारी, केक, नानकटाई असं सगळंच मांडून जायचा आणि उठताना जे खाल्लं तेवढ्याचेच पैसे लावायचा. परक्या माणसावर इतका विश्वास टाकणारा दुसरा दुकानदार मी पाहिला नाही. तसा शेठ कडकच! केस विंचरू नका, टेबलावर पाय ठेवू नका, जास्त वेळ बसू नका अशा सूचना भिंतीवर असायच्या. निस्सिम इझिकेल यांनी त्यांच्यावर इंग्रजीत कविता केली. पण त्या सूचना सगळ्यांना सारख्या होत्या, हे महत्त्वाचं. त्या लांबलचक यादीत ‘अमक्यांनी बसू नये’ ही सूचना नव्हती.

जागा कमी, गिऱ्हाईक जास्त. त्यामुळे टेबल आपलं एकट्याचं कधीच नसे. समोर व्हिक्टोरियावाला, शेजारी वकिलाचा कारकून, पलीकडे रात्रपाळी करून आलेला कामगार. कचेरीतले माझे एक ज्येष्ठ सहकारी मराठवाड्यातल्या एका गावचे होते. त्यांच्या गावी चहाच्या दुकानाबाहेर वळचणीला कान तुटलेला कप ठेवलेला असायचा. तो आपण घ्यायचा, चहा वरून ओतून घ्यायचा आणि आपणच धुऊन परत ठेवायचा. ते मला म्हणाले होते, “मुंबईत उतरलो आणि इराण्याकडे गेलो. पोऱ्याने माझ्यापुढे कप आपटला. बशीत निम्मा चहा सांडला. मी त्या कपाचा कान बघत बसलो.”

इराण्याने हे समतेच्या तळमळीने केलं असा दावा मी करणार नाही. त्याला धंदा करायचा होता आणि आपल्या जातींच्या उतरंडीत त्याला पायरीच नव्हती. ज्याला पायरी नाही त्याला दुसऱ्याची पायरी विचारायचं कारण पडत नाही.

उडुपी हॉटेलांनी हीच गाठ निराळ्या तऱ्हेने सोडवली. दक्षिण कानडा जिल्ह्यातून आलेल्या या हॉटेलांचे सुरुवातीचे आचारी बहुतेक शिवळ्ळी ब्राह्मण, कृष्णमठाच्या स्वयंपाकाची परंपरा सांगणारे. त्यामुळे सोवळं मानणाऱ्यालाही हातचं खायला हरकत उरली नाही. आत भटारखान्यात ब्राह्मण आणि बाहेर टेबलावर पैसे मोजणारा कुणीही. जातीचा नियम अर्धा पाळून अर्धा मोडायचा हा तोडगा कुणी ठरवून काढला असेल असं वाटत नाही, पण तो चालला. पुढे या धंद्यात बंट समाजाचे शेट्टी आले आणि आत कोण रांधतं हेही गिऱ्हाइकाने विचारणं सोडलं. मसाला डोसा समोर आला की चौकशी संपते! माटुंगा स्टेशनसमोर रामा नायक यांनी १९४२ मध्ये काढलेलं श्रीकृष्ण बोर्डिंग हे या परंपरेतलं नामांकित घर. केळीच्या पानावरच्या तिथल्या जेवणासाठी मी जिन्यापर्यंत आलेल्या रांगेत अनेकदा उभा राहिलो आहे, आणि त्या रांगेतही पुढचा कोण, मागचा कोण हे कळायला मार्ग नसे.

या हॉटेलांत फडकं मारणारी पोरं दहा-बारा वर्षांची असत. दिवसभर राबून रात्री ती मुंबईतल्या कानडी रात्रशाळांत शिकायला जात. ‘बाहेरवाला’ पोऱ्या तर हातातल्या तारेच्या जाळीत चहाचे ग्लास घेऊन दुकानोदुकानी फिरायचा. आपल्या पोटाच्या इतिहासात या मुलांचं नाव कुठेच येत नाही. नाव आलं ते १९६६ नंतर, आणि वाईट कारणाने. शिवसेनेच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या दाक्षिणात्यविरोधी आंदोलनात उडुपी हॉटेलंही लक्ष्य झाली. काचा फुटल्या. सकाळी इडली खाऊन दुपारी दगड मारणारे काही जण आमच्याच गल्लीतले होते. थोड्या दिवसांनी तेच पुन्हा सांबार जास्त मागायला हजर!

हॉटेलाचं दार कायद्याने उघडावं लागलं, हेही सांगायला हवं. इराणी आणि उडुपी हे शहरातल्या काही रस्त्यांवरचे अपवाद होते. मुंबई इलाख्यात १९४७ च्या सुरुवातीला हरिजनांच्या सामाजिक अडचणी दूर करणारा कायदा लागू झाला. मग १९५० ची राज्यघटना. तिच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा चक्क नावाने उल्लेख आहे. धर्म, जात, लिंग यांच्या कारणाने तिथे कुणालाही अडवता येणार नाही. देशाचा मूलभूत कायदा लिहिताना चहाच्या दुकानाची आठवण ठेवावी लागली, यावरून त्या दुकानात काय चाललं होतं ते समजावं. १९५५ मध्ये अस्पृश्यता हा शिक्षेचा गुन्हा ठरवणारा कायदा आला. तरी कान तुटलेले कप त्यानंतरही बरीच वर्षं वळचणीला होते.

आतापर्यंत मी पुरुषांबद्दलच बोलतो आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. कारण हॉटेल ही पुरुषांची जागा होती. बायका आल्याच तर नवऱ्याबरोबर आणि त्याही फॅमिली रूममध्ये, अर्ध्या उंचीच्या झुलत्या दारांआड. पडद्यामागे बसून आइस्क्रीम खाणाऱ्या बाईकडे बाहेरचा वेटरही जरा चोरूनच बघायचा. पण शहराचं पोट भरत होत्या त्या बायकाच. खानावळवाल्या वाण्याकडून उधार घ्यायच्या, सावकाराकडून व्याजाने काढायच्या आणि पगाराची वाट बघायच्या. १९७५ मध्ये गोवा मुक्ती लढ्यातल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेचं कर्ज त्यांच्या हाती मिळवून दिलं. राष्ट्रीयीकृत बँकेच्या कागदावर खानावळवालीचा अंगठा उमटला. मग १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. पगार थांबला तशी खानावळींची उधारी बुडाली. जेवणारे गावाला गेले, ते बहुतेक परत आले नाहीत. गिरण्यांच्या जागी आता टोलेजंग इमारती आहेत आणि त्यांत झगमगीत रेस्टॉरंटं. तिथे मुली एकट्या बसून जेवतात, कुणी मान वळवून बघत नाही. फॅमिली रूमची झुलती दारं आता पाहायला मिळत नाहीत.

जुना प्रश्न मात्र अधूनमधून नव्या कपड्यांत येतो. मार्च २०२४ मध्ये घरपोच जेवण देणाऱ्या झोमॅटोने शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी हिरव्या गणवेशातली वेगळी माणसं नेमण्याची घोषणा केली आणि टीका होताच दुसऱ्याच दिवशी तो वेगळा गणवेश मागे घेतला. त्याच वर्षी जुलैत उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाणावळींनी मालकांची नावं पाटीवर लावावीत असा हुकूम निघाला. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्याला स्थगिती दिली. काय प्रकारचं अन्न मिळतं ते लिहा, नाव लिहायची सक्ती नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

आमच्याकडे पाटीवर मालकाचं नाव पहिल्यापासून होतं. काणे, तांबे, नायक, कयानी, मेरवान. गिऱ्हाइकाचं तेवढं नसे. बिलाचा कागद नव्हता तेव्हा आपण उठून गल्ल्याकडे चालू लागलो की वेटर आतून शेठला ओरडून सांगायचा, “चश्मेवाला, बारा आना! पीछे टोपीवाला, सवा रुपया!”